हा पैसा येतो कोठून?

मुंबईहून गुजराथेकडे जाणाऱ्या लोहमार्गावर बोईसर व डहाणू रोड यांच्या दरम्यान वाणगांव हें एक लहानसें स्टेशन लागतें. पश्चिमेस तारापूरचा किनारा, पूर्वेस वारली पाड्यांचा डोंगराळ मुलूख आणि दोहोंच्या मध्यें भाताचीं शेतें, मिरचीचे मळे व चिकूच्या वाड्या, असें या गांवाचें स्वरूप आहे. आर्थिक इतिहासाच्या अभ्यासकानें थांबावें असें येथें कांहीं असेल, हें वरवर पाहणारास खरें वाटणार नाहीं. परंतु वाणगांवावरून जाणारा हा लोहमार्ग ज्या महिन्यांत वाहतुकीस खुला झाला, तो महिना विलक्षण होता. नोव्हेंबर १८६४ मध्यें मुंबईच्या ग्रँट रोड स्टेशनापासून गुजराथेपर्यंत आगगाडी सलग धावूं लागली. आणि त्याच वेळीं मुंबई शहर शेअरांच्या वेडानें असें झपाटलें होतें कीं, पुढील जुलैपासून तेथील कित्येक नामांकित धनिकांवर दिवाळें काढण्याची पाळी आली.

या दोन गोष्टी एकत्र सांगण्यास कारण आहे. हा लोहमार्ग बांधणारी बॉम्बे, बरोडा अँड सेंट्रल इंडिया रेल्वे ही जशी एक कंपनी होती, तशीच मुंबईच्या समुद्रांत भर घालून जमीन काढूं पाहणारी बॅक बे रेक्लमेशन हीहि एक कंपनीच होती. पहिलीनें खाड्यांवर पूल बांधले, रूळ टाकले, आणि तिच्या भागीदारांस शेकडा पांच व्याजाची सरकारी हमी होती. दुसरीची जमीन अद्याप पाण्याखालीं होती. तरी तिचा पांच हजार रुपयांचा शेअर पन्नास हजारांच्या घरांत जाऊन पोंचला. मनुष्य कोणत्या वेळीं कोणत्या वस्तूस काय किंमत देईल याचा नेम नसतो, हेंच खरें.

आज हा जुना विषय काढण्याचें प्रयोजन असें. २०१३ सालापासून डहाणूपर्यंत उपनगरी गाड्या जाऊं लागल्या, आणि वाणगांव, बोईसर, पालघर येथील शेंकडों तरुण नोकरीसाठीं दररोज या मार्गानें ये-जा करतात. प्रत्येकाच्या हातांत मोबाइल असतो, आणि त्या मोबाइलवर दर दोन-चार दिवसांनीं एखादें निमंत्रण येतें : घरबसल्या रोज दोन हजार रुपये मिळवा; कांहीं करावयाचें नाहीं, केवळ चित्रफिती पाहून पसंती नोंदवावयाची. सुशिक्षित कुटुंबांतहि हे संदेश येतात, आणि निवृत्त वडील मंडळी व शिकलेले मुलगे दोघेहि त्यांस फसतात. अशा निमंत्रणाकडे कोणत्या दृष्टीनें पाहावें हें ठरविण्यास १८६४ सालचा इतिहास उपयोगी पडेल, असें आम्हांस वाटतें.

एप्रिल १८६१ मध्यें अमेरिकेंत उत्तरेकडील व दक्षिणेकडील संस्थानांचें यादवी युद्ध सुरू झालें. लँकेशायरच्या गिरण्यांस लागणारा कापूस मुख्यत्वेंकरून दक्षिणेकडील संस्थानांतून येत असे. उत्तरेच्या आरमारानें तीं बंदरें कोंडतांच गिरणीवाल्यांची दृष्टि हिंदुस्थानाकडे वळली. वऱ्हाड, खानदेश व गुजराथ येथील कापूस मुंबईच्या बंदरांतून विलायतेस जाऊं लागला आणि त्याचा भाव कित्येक पटींनीं चढला. गाद्या-उशांतील जुना कापूससुद्धां काढून लोकांनीं विकला, असें सांगतात. युद्धाच्या काळांत नेहमींच्या किंमतीपेक्षां सुमारें आठ कोटी पौंड अधिक द्रव्य मुंबईच्या पदरीं पडलें, असा जुन्या लेखकांचा अंदाज आहे.

येथपर्यंत कोणास नांवें ठेवण्यासारखें कांहींच घडलें नव्हतें. हा पैसा येतो कोठून, असें त्या वेळीं कोणी विचारलें असतें तर त्याचें उत्तर सरळ होतें : लँकेशायरचा गिरणीवाला कापसाच्या गांठीच्या मोबदल्यांत तो देतो. त्याच्यामागून येणारा दुसरा प्रश्न मात्र महत्त्वाचा होता. तो म्हणजे, हें किती दिवस चालेल? त्याचेंहि उत्तर सर्वांस ठाऊक होतें : युद्ध चालेल तोंवर. पण जें उत्तर सर्वांस ठाऊक असतें तेंच पुष्कळदां कोणी उच्चारीत नाहीं.

हातीं आलेल्या या द्रव्यास वाट हवी होती. ती कंपन्यांनीं काढून दिली. जानेवारी १८६५ मध्यें मुंबईंत ३१ बँका, १६ फायनॅन्शियल असोसिएशनें आणि ८ जमीन-कंपन्या होत्या. शिवाय विमा, जहाजें, कापूस दाबण्याचे कारखाने यांच्या कंपन्या निराळ्याच. दहा वर्षांपूर्वीं अशा संस्था अगदीं थोड्या होत्या. नव्या कंपनीनें काय करावयाचें हें ठरण्यापूर्वींच तिचे शेअर चढत्या भावानें हातोहात खपत. या सर्व उलाढालींचे केंद्रस्थान शेट प्रेमचंद रायचंद हे होते. मूळचे सुरतेचे हे गृहस्थ वयानें पस्तिशीच्या आंत, बुद्धीनें तल्लख आणि वृत्तीनें उदार होते. कोणत्या कंपनीचे किती शेअर कोणास द्यावयाचे हें पुष्कळ अंशीं त्यांच्या शब्दावर ठरे; म्हणून त्यांच्या कृपेची अपेक्षा करणारांत व्यापारी, दलाल, वकील आणि सरकारी अधिकारी हे सारेच असत.

यांत बँक ऑफ बॉम्बेनें केलेलें कार्य विशेष लक्षांत ठेवण्याजोगें आहे. १८४० सालीं स्थापन झालेल्या या बँकेंत सरकारचे भाग होते व सरकारनें नेमलेले डायरेक्टरहि होते. म्हणजे लोकांच्या दृष्टीनें ती सरकारचीच बँक होती. १८६३ सालच्या नव्या कायद्यानें तिच्यावरील जुनीं बंधनें सैल झालीं आणि तिनें कंपन्यांच्या शेअरांच्या तारणावर कर्जें देण्यास आरंभ केला. शेअर गहाण ठेवून कर्ज काढावें, त्या कर्जांतून नवे शेअर घ्यावे, ते गहाण ठेवून पुन्हा कर्ज काढावें, असा क्रम सुरू झाला. त्याशिवाय वायद्याचे सौदे होत. अमुक तारखेस अमुक भावानें शेअर घेईन, असें कबूल करावयाचें. पदरीं ना शेअर, ना पैसा. या वायद्यांपैकीं मोठा भाग १ जुलै १८६५ या तारखेचा होता.

आतां तोच प्रश्न पुन्हा विचारून पाहावा. बॅक बेचा शेअर पांच हजारांचा पन्नास हजारांस जातो, तर वरचे पंचेचाळीस हजार येतात कोठून? समुद्रांतून जमीन अद्याप निघालेली नाहीं, ती विकली गेलेली नाहीं, तिचें भाडें आलेलें नाहीं. तेव्हां ते पैसे केवळ पुढच्या गिऱ्हाइकाकडून येतात, आणि त्या गिऱ्हाइकानेंहि ते बँकेकडून कर्जाऊ आणलेले असतात. कापसाचा पैसा लँकेशायरहून येत होता. शेअरांचा पैसा मुंबईच्या एका खिशांतून दुसऱ्या खिशांत जात होता. दोन्हींचा खुळखुळाट सारखाच ऐकूं येत असल्यामुळें लोकांस हा भेद उमगला नाहीं.

९ एप्रिल १८६५ रोजीं दक्षिणेकडील सेनापति जनरल ली यानें शरणागति पत्करली. ती वार्ता मुंबईस पोंचतांच कापसाचा भाव कोसळला आणि त्यापाठोपाठ शेअर कोसळले. १ जुलै उजाडला तेव्हां घेणारांजवळ पैसे नव्हते व देणारांजवळच्या कागदांस किंमत नव्हती. दिवाळखोरांची संख्या एवढी झाली कीं, त्यांच्यासाठीं सरकारास १८६५ चा निराळा कायदा करावा लागला. पुढल्या वर्षीं प्रेमचंद रायचंदहि नादार झाले. बँक ऑफ बॉम्बेचें बहुतेक भांडवल बुडून १८६८ सालीं ती गुंडाळावी लागली, व तिच्या कारभाराची चौकशी करण्यास सर चार्ल्स जॅक्सन यांच्या अध्यक्षतेखालीं कमिशन बसलें. ज्यांनीं हा सर्व प्रकार तरुणपणीं डोळ्यांनीं पाहिला त्या दिनशा एदलजी वाच्छा यांनीं १९१० सालीं या प्रकरणावर इंग्रजींत एक स्वतंत्र पुस्तकच लिहिलें. प्रेमचंदांनीं भरभराटीच्या दिवसांत मुंबई विद्यापीठास दिलेल्या चार लाख रुपयांतून ग्रंथालय व त्यांच्या मातोश्रींच्या नांवाचा राजाबाई मनोरा उभा राहिला; तो मात्र अजून वेळ दाखवीत आहे.

एक गोष्ट न्यायबुद्धीनें सांगितली पाहिजे. समुद्र हटवून जमीन काढण्याची कल्पना खोटी नव्हती. पुढें विसाव्या शतकांत त्याच किनाऱ्यावर भर पडली व आज तेथें मरीन ड्राइव्हचा रस्ता आहे. खोटी होती ती किंमत, आणि ती केवळ दुसऱ्यानें अधिक द्यावी या आशेवर उभी होती. म्हणून कल्पना चांगली आहे एवढ्यावरून तींत पैसे घालणें शहाणपणाचें ठरत नाहीं.

चांगलीं जाणतीं माणसें अशा वेळीं कशीं भुलतात, याचीं कारणें आम्हांस मुख्यतः दोन दिसतात. पहिलें कारण मोठ्यांच्या नांवाचा आधार. बँक सरकारची, शेट नामांकित, घेणारांत साहेबलोकहि; मग मी कोण विचारणारा? प्रत्येकानें दुसऱ्यानें चौकशी केली असेल असें गृहीत धरलें, आणि शेवटीं ती कोणीच केली नव्हती. दुसरें कारण याहून सूक्ष्म आहे. अशा प्रकरणांत पहिल्या कांहीं लोकांस खरोखरच पैसे मिळतात. शेजारचा गृहस्थ मला लाभ झाला असें सांगतो तेव्हां तो खोटें बोलत नसतो. त्याचा प्रामाणिकपणा हीच त्या योजनेची सर्वांत प्रभावी जाहिरात होते. त्यास पैसे मिळाले हें खरें. ते कोणाचे मिळाले, हें त्यासहि ठाऊक नसतें.

मुंबईंत जें पुष्कळसें आपोआप घडलें, तेंच पुढें एका इटालियन मनुष्यानें अमेरिकेंत जाणूनबुजून घडवून आणलें. बोस्टन शहरीं चार्ल्स पाँझी यानें १९२० सालीं पंचेचाळीस दिवसांत शेकडा पन्नास नफा देण्याचें वचन दिलें. पोस्टाचीं आंतरराष्ट्रीय उत्तर-कुपनें एका देशांत स्वस्त घेऊन दुसऱ्या देशांत वटविण्याचा आपला व्यापार आहे, असें तो सांगे. त्याच्याकडे लोकांच्या रांगा लागल्या. पण त्यानें घेतलेल्या रकमांवर सांगितलेला नफा द्यावयाचा तर सुमारें सोळा कोटी कुपनें लागलीं असतीं, आणि चलनांत होतीं ती केवळ सत्तावीस हजारांच्या आसपास, असा हिशेब चौकशी करणारांनीं मांडला. जुन्यांस तो नव्यांचे पैसे देत होता, एवढेंच त्यांतील रहस्य होतें. ऑगस्ट १९२० मध्यें त्यास अटक झाली; त्याचें नांव मात्र अशा सर्व योजनांस चिकटून राहिलें.

आतां आमच्या काळाकडे येऊं. २०१० सालीं सिंगापुरांत नोंदलेल्या स्पीक एशिया नांवाच्या कंपनीनें हिंदुस्थानांत इंटरनेटवरून सभासद जमविण्यास आरंभ केला. वर्षाची वर्गणी अकरा हजार रुपये. आठवड्यास दोन प्रश्नावल्या भरावयाच्या व प्रत्येकीस पांचशे रुपये घ्यावयाचे. शिवाय नवा सभासद आणल्यास निराळें कमिशन. सुमारें एकोणीस लाख सभासद झाल्याचें २०११ सालीं प्रसिद्ध झालें, आणि त्याच वर्षीं मुंबई पोलिसांच्या आर्थिक गुन्हे शाखेनें तपास सुरू केला. दोषादोष ठरविणें हें न्यायालयाचें काम आहे. आम्हांस येथें केवळ त्रैराशिक करावयाचें आहे. सभासद देतो अकरा हजार व वर्षांत मिळवितो बावन्न हजार. वरचे एकेचाळीस हजार कोणी द्यावयाचे? त्या प्रश्नावल्या मोल देऊन घेणारा व्यापारी दिसत नसेल, तर ते नव्या सभासदांच्या वर्गणींतूनच आले पाहिजेत. म्हणजे प्रत्येक जुन्यामागें पांच नवे हवेत. एकाचे पांच, पांचांचे पंचवीस, असें चालविलें तर तेराव्या पायरीस १२२ कोटी नवे सभासद लागतात. २०११ च्या खानेसुमारींत देशाची एकंदर लोकसंख्या १२१ कोटी होती, तान्हीं मुलें धरून. इयत्ता सहावींतील मुलास करतां येईल असा हा हिशेब लाखों सुशिक्षितांनीं केला नाहीं.

जानेवारी १९२५ मध्यें नव्हे, तर जानेवारी २०२५ मध्यें दादरसारख्या जाणत्या वस्तींत टॉरेस या नांवाच्या जवाहिराच्या दुकानासमोर गुंतवणूकदारांची रीघ लागली, कारण हप्ते थांबून दुकान बंद झालें होतें. कृत्रिम खड्याच्या खरेदीवर आठवड्यास शेकडा सहापर्यंत व त्याहूनहि अधिक परतावा देऊं केला होता, असें त्या प्रकरणांतील फिर्यादींवरून दिसतें. आठवड्यास शेकडा सहा चक्रवाढीनें धरल्यास एका वर्षांत एक लाखाचे वीस लाखांहून अधिक होतात. असा व्यापार ज्यास साधला आहे त्यानें तुमचें-आमचें एक लाख कशास मागावें? त्याच्या घरीं बँकेनें स्वतः चालत जाऊन कर्ज दिलें असतें.

मोबाइलवरील कामाचा प्रकार याच वंशांतील, पण अधिक धूर्त आहे. टेलिग्राम किंवा व्हॉट्सॲप यांवर ओळख होते. पहिल्या दिवशीं दोन-तीन चित्रफितींस पसंती दिल्याबद्दल दीड-दोनशे रुपये खरोखर जमा होतात. शेजारच्या गृहस्थाची साक्ष येथें स्वतःच्याच खात्यानें दिलेली असते. मग पुढील कामासाठीं थोडी रक्कम आधीं भरावयास सांगतात, ती नफ्यासह परत येते. तिसऱ्या वेळेस रक्कम मोठी होते. पडद्यावर नफ्याचा आंकडा वाढतांना दिसतो, पण तो काढून घ्यावयास गेलें कीं कर, दंड, अनामत अशा नांवांनीं आणखी मागणी होते. पगार देणारानें नोकराकडे पैसे मागावे, ही उलटी रीत जेथें दिसेल तेथें पुढचें पाऊल टाकूं नये.

कोणी म्हणेल, खेड्यापाड्यांतील अडाणी माणसें फसावयाचींच. वाणगांवच्या परिसराचा इतिहास मात्र निराळेंच सांगतो. जवळच्या तारापूरचे विकाजी व पेस्तनजी मेहरजी हे बंधु एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धांतले नामांकित पेढीवाले. त्यांनीं निजाम सरकारास मोठालीं कर्जें दिलीं व वऱ्हाडचा वसूल तारण घेतला. पुढें दरबारानें तो वसूल आपल्याकडे परत घेतला आणि पेढी बुडाली. कंपनी सरकारकडे केलेली दादहि फळास आली नाहीं. हे बंधु अडाणी खास नव्हते; पण ज्या तारणाची किल्ली दुसऱ्याच्या हातीं आहे तें तारण नव्हे, हें त्यांस अनुभवानें शिकावें लागलें. उलट डहाणू, उंबरगांव भागांतील वारली शेतकरी सावकाराच्या कागदावर अंगठा उठवी तो लोभानें नव्हे. पावसाळ्यांत घरीं दाणा नसे, म्हणून तो खावटी घेई व वर्षानुवर्षें राबून फेडी. १९४५ सालीं गोदावरी व शामराव परुळेकर यांच्या पुढारीपणाखालीं त्यानें त्या वेठीविरुद्ध उठाव केला. ज्यास अक्षर येत नव्हतें तो पोटासाठीं अंगठा देत होता. ज्यास अक्षर येतें तो आज मोबाइलच्या कांचेवर, न वाचतां, आपण होऊन अंगठा टेकतो. दोघांत हंसण्यासारखा कोण, हें वाचकांनींच ठरवावें.

याचा अर्थ सर्वच नव्या धंद्यांवर अविश्वास दाखवावा असा नाहीं. इंटरनेटवरून शिकवणी करणारे, भाषांतर करणारे, वाडीचा चिकू थेट गिऱ्हाइकास पोंचविणारे लोक आहेत, आणि त्यांचा पैसा कोठून येतो हें उघड आहे : कोणास तरी कांहीं उपयोगाचें मिळालें व त्यानें त्याचें मोल दिलें. अशा कमाईस वेळ लागतो. चिकूचें कलम लावल्यावर फळासाठीं कांहीं वर्षें वाट पाहावी लागते, आणि ती पाहण्यांत कोणा बागाइतदारास कमीपणा वाटत नाहीं. निरोगी संशय म्हणजे केवळ नकार नव्हे. प्रश्न विचारून उत्तर मिळेपर्यंत खिशांतला हात खिशांत ठेवणें, एवढाच त्याचा अर्थ. वाणगांवचा रूळ टाकणाऱ्या कंपनीस हा प्रश्न विचारला असता तर भाडें व सरकारी हमी असें उत्तर मिळालें असतें. बॅक बेच्या शेअरास विचारला असता तर उत्तर मिळालें नसतें.

कायदे आहेत. बक्षीस-योजना व साखळी-योजना यांस बंदी करणारा १९७८ चा, ठेवीदारांच्या रक्षणाचा महाराष्ट्राचा १९९९ चा आणि अनियंत्रित ठेवींस बंदी करणारा २०१९ चा. परंतु कायदा बहुधा पैसे गेल्यावर जागा होतो. पैसे गेल्याचें कळतांच १९३० या सायबर मदत क्रमांकावर तत्काळ कळविल्यास कांहीं वेळां रक्कम पुढें जाण्यापूर्वीं अडवितां येते. येथें तासांचें महत्त्व आहे, दिवसांचें नाहीं.

आणि हे तास बहुधा घरांतल्या भीतीमुळेंच वायां जातात. मुलगा वडिलांच्या रागाच्या भयानें गप्प राहतो, वडील मुलांच्या हंसण्याच्या भयानें गप्प राहतात, आणि गेलेले पैसे परत मिळविण्याच्या आशेनें दोघेहि आणखी भरीत जातात. १८६५ सालींहि कित्येकांनीं पहिला तोटा लपविण्यासाठींच दुसरें कर्ज काढलें असलें पाहिजे. म्हणून ज्या घरांत हा पैसा येतो कोठून, असें मोकळेपणानें विचारतां येतें, आणि माझे पैसे गेले असें न लाजतां सांगतां येतें, त्या घरास अशा योजनांचें भय कमी. मुलांस व्याजाचें गणित शिकवितांना या दोन गोष्टीहि आईबापांनीं शिकवाव्या, अशी आमची त्यांस विनंति आहे.